लेंतमध्ये देवाचे गौरव कुठे जाते? (चर्चवर्ष, त्याचे सण आणि आपले सोलापूर)

शाळूचे कणीस | १० फेब्रुवारी २०२६, रात्री ९.४०

सर्वांना सलाम.

मी सोलापुरातील एका मंडळीच्या शब्बाथशाळेत आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. गेल्या रविवारी मुलांना चर्चवर्षाची, म्हणजे चर्चच्या सणांच्या वर्षभराच्या क्रमाची, ओळख करून देत होते. फळ्यावर मोठे वर्तुळ काढले आणि आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे), नाताळ, प्रकटीकरण (६ जानेवारीचा सण), लेंत (पुनरुत्थानाआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ), पुनरुत्थान (ईस्टर), पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) असे त्याचे भाग रंगीत खडूंनी भरत गेले. जांभळा खडू नव्हता, म्हणून निळ्यावर गुलाबी घासून लेंतचा भाग रंगवला. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "टीचर, लेंतमध्ये आपण 'हालेलुया' म्हणत नाही, 'ऊर्ध्वलोकी देवाला गौरव' पण म्हणत नाही. मग तेवढे दिवस देवाचे गौरव जाते कुठे?"

मी तिला "पुढच्या रविवारी सांगते" म्हटले, कारण मला उत्तर येत नव्हते. नाताळला गौरव दिसते हे सांगायला सोपे आहे, कारण मेंढपाळांभोवती प्रभूचे तेज प्रकाशले असे लूकच्या शुभवर्तमानातच आहे. पुनरुत्थानाच्या पहाटेचेही तसेच. पण ज्या चाळीस दिवसांत आपण गौरवाचे गीत मुद्दाम थांबवतो, त्या दिवसांचे काय?

दुसरी गोष्ट अशी की, हे काळ, रंग आणि सण शिकवण्यापेक्षा मुलांकडून वचने पाठ करून घ्यावीत, असे आमच्या समितीतील एका वडीलधाऱ्या सभासदांचे म्हणणे आहे. मला चर्चवर्ष मनापासून प्रिय आहे, पण ते का प्रिय आहे हे मला नीट मांडता येत नाही. जाणकारांनी कृपया लिहावे. राखेचा बुधवार, म्हणजे लेंतचा पहिला दिवस, १८ तारखेला आहे.

सातरस्ता | १० फेब्रुवारी, रात्री १०.०५

ताई, प्रश्न त्या लेकराचा असला तरी उत्तर आम्हा मोठ्यांनाही हवे आहे. धागा वाचत राहीन.

साधा विश्वासी | १० फेब्रुवारी, रात्री ११.२०

भगिनी, मी आपल्या समितीतील त्या वडीलधाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि तसे स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल 'तुम्ही दिवस, महिने, सणांचे काळ आणि वर्षे पाळता' म्हणून मंडळीची कानउघाडणी करतो आणि आपले श्रम वाया गेले की काय, अशी भीती व्यक्त करतो. देवाचे गौरव कालच्या इतकेच आज आहे आणि आजच्या इतकेच उद्या असेल. जे कमीजास्त होत नाही, त्याला वर्षाच्या तक्त्यात बसवायचे कशाला? माझे वडील शेवटच्या आजारात सतरा दिवस रुग्णालयात होते. जून महिना होता आणि चर्चमध्ये कोणताही सण नव्हता. तेराव्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून स्तोत्र तेवीस म्हटले, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. बाजूच्या खाटेवरचे आजोबा हात जोडून ऐकत होते. मी आयुष्यात देवाचे गौरव पाहिले असेल तर ते त्या वॉर्डात पाहिले. त्याला कोणत्याही कॅलेंडरची गरज पडली नाही.

जुनी वही | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

साधा विश्वासी यांनी लिहिलेला प्रसंग वाचून थोडा वेळ काही लिहवले नाही. त्यांच्या भूमिकेला आपल्याच भागात मोठा इतिहास आहे, तो आधी सांगतो आणि मग मतभेद नोंदवतो.

सोलापूर-अहमदनगरकडच्या जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या. हे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांना पाठवणारे अमेरिकन बोर्ड १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झाले होते आणि त्यामागची परंपरा प्युरिटन या कडक प्रॉटेस्टंट पंथाची होती. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला आणि तो १६८१ पर्यंत टिकला. जे शास्त्रात सांगितलेले नाही ते पाळू नये, हा त्या लोकांचा प्रामाणिक आग्रह होता. पुढच्या पिढ्या नाताळच्या बाबतीत मवाळ झाल्या, पण लेंत, राख आणि रंगीत पडदे त्यांच्या उपासनेत आले नाहीत. माझ्या आजीला प्रभुभोजन, प्रार्थना सप्ताह आणि कापणीचा सण ठाऊक होता, परंतु 'लेंत' हा शब्द तिने उतारवयात पहिल्यांदा ऐकला.

मग हे सारे आले कुठून? २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले अँग्लिकन होते, तसे अमेरिकन मिशनचे आपले काँग्रिगेशनलही होते. ज्यांच्याकडे चर्चवर्ष होते त्यांनी ते सोबत आणले आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी ते हळूहळू स्वीकारले. जुने कॅलेंडर काढून पाहिलेत तर लक्षात येईल की तो दिवस रविवार होता, आणि तोही आगमनकाळाचा पहिला रविवार.

आता मतभेद. ज्या पौलाने गलतीकरांना फटकारले, तोच प्रेषितांची कृत्ये विसाव्या अध्यायात शक्य झाल्यास पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत असावे म्हणून घाई करतो. करिंथकरांनाही तो पेंटेकॉस्टपर्यंत इफिसात राहणार असल्याचे कळवतो. त्याचा राग दिवस पाळण्यावर नव्हता. दिवस पाळल्याने तारण मिळते असे मानण्यावर होता.

साधा विश्वासी | ११ फेब्रुवारी, सकाळी ८.०२

वडील बंधू, आपण दिलेले संदर्भ उघडून पाहिले आणि मान्य केले. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात एक जण एखादा दिवस विशेष मानतो आणि दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खातरी करून घ्यावी, असेही आहे. माझ्या मनाची खातरी अजून सगळे दिवस सारखे मानण्याकडेच आहे. चर्चा मात्र आवडीने वाचतो आहे.

कौलारू देऊळ | ११ फेब्रुवारी, दुपारी १.३०

मी कॅथलिक आहे. आमच्याकडचा क्रम सांगते, कारण ताईंच्या वर्गातील मुलीला त्याचा उपयोग होईल असे वाटते.

आगमनकाळातील आणि लेंतमधील रविवारी आम्ही गौरवगीत ('ऊर्ध्वलोकी देवाला गौरव') गात नाही. हालेलुया मात्र आगमनकाळात चालू असतो आणि फक्त लेंतमध्ये थांबतो. शुभवर्तमानाच्या आधी त्याच्या जागी दुसरे स्तुतिवचन म्हटले जाते. पण ही शांतता सलग नसते. १९ मार्चला संत योसेफाच्या आणि २५ मार्चला देवदूताच्या निरोपाच्या सणाला गौरवगीत लेंतच्या मधोमध गायले जाते. पवित्र गुरुवारी तर ते गाताना चर्चमधल्या सगळ्या घंटा वाजतात आणि त्यानंतर पुनरुत्थानाच्या जागरणापर्यंत एकही घंटा वाजत नाही. लहानपणी मी त्या गुरुवारी वेदीजवळची छोटी घंटा वाजवली आहे. फादरांनी "गीत संपेपर्यंत थांबायचे नाही" असे बजावले होते. मनगट भरून आले तरी मी थांबले नाही, आणि गीत संपल्यावर घंटेचा लोलक हातात घट्ट धरून बसले, कारण तो चुकून जरी हलला तरी आता चालणार नव्हते.

आणखी एक. लेंतच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे दर वर्षी डोंगरावरील रूपांतराचे, म्हणजे शिष्यांसमोर येशूचे रूप तेजस्वी झाले त्या प्रसंगाचे, शुभवर्तमान वाचतात. म्हणजे गौरवगीत बंद असते, पण गौरवाची कथा मुद्दाम लेंतमध्येच ठेवलेली असते.

जुनी वही | ११ फेब्रुवारी, दुपारी २.१०

हे फार मोलाचे आहे. अनेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या १९९२ च्या समाईक पाठमालेत (कोणत्या रविवारी कोणते शास्त्रपाठ वाचायचे त्या यादीत) तीच कथा लेंतच्या आदल्या रविवारी येते, म्हणजे यंदा १५ फेब्रुवारीला. दोन्हीकडे ती लेंतच्या उंबऱ्याजवळच आहे.

मागावरचा | ११ फेब्रुवारी, रात्री ८.४५

आमच्या घरी तीन पिढ्या विणकाम आहे. आधी हातमाग होता, आता यंत्रमाग आहे. चादर आणि टॉवेल हे रोजचे काम, पण आमच्या मंडळीच्या वेदीवरचे पडदे आईने शिवले आहेत आणि त्यांचे सूत मी रंगवून आणले आहे, म्हणून रंगाविषयी चार ओळी लिहितो.

आमच्याकडे चार पडदे आहेत. नाताळ आणि पुनरुत्थानाला पांढरा, पेंटेकॉस्टला लाल, आगमनकाळ आणि लेंतला जांभळा, उरलेल्या दिवसांना हिरवा. यांपैकी सर्वांत त्रास जांभळ्याने दिला. लाल आणि निळ्याचा तोल राखावा लागतो आणि लडी भिजत घालताना जरा इकडेतिकडे झाले की एक टोक वांग्यासारखे काळपट आणि दुसरे मेंदीफुलासारखे फिके निघते. पहिल्या खेपेला तसेच झाले. मी सूत परत करायला निघालो, तर आई म्हणाली, "राहू दे, पश्चात्तापाचा पडदा आहे, एकसारखा कसा असेल?" तोच पडदा आम्ही आजही वापरतो. खिडकीकडच्या बाजूला उन्हाने तो आणखी विटला आहे.

जुन्या काळी भूमध्य समुद्राकाठी हा रंग शंखातल्या गोगलगायीपासून काढत. थोड्याशा रंगाला हजारो गोगलगायी लागत आणि त्यामुळे तो राजेरजवाड्यांनाच परवडे. शिपायांनी येशूची थट्टा करताना त्याच्या अंगावर जांभळे वस्त्र घातले असे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. म्हणजे लेंतचा रंग दुःखाचा म्हणावा, तर तोच राजाचाही आहे. गौरव कुठे जाते असे मुलगी विचारते. माझ्या मते ते समोर वेदीवरच टांगलेले असते, फक्त थट्टेच्या वस्त्रात असते.

होटगीरोड | ११ फेब्रुवारी, रात्री ९.३०

मागावरचा दादा, आईंना आमचा सलाम सांगा.

थोडा बाजूचा प्रश्न विचारते. नाताळ दर वर्षी २५ डिसेंबरला असतो, पण पुनरुत्थानाचा सण कधी मार्चमध्ये तर कधी एप्रिलच्या शेवटी का येतो? ऑफिसात रजा मागताना दर वर्षी मला हे समजावून सांगावे लागते आणि मलाच ते पुरते कळलेले नाही.

पंढरीवाट | ११ फेब्रुवारी, रात्री १०.५०

मी वारकरी घरातला आहे आणि पंचांगाचा अभ्यास करतो. हा धागा शेजाऱ्याच्या नात्याने वाचत होतो. या प्रश्नाचे उत्तर देता येईल असे वाटते.

नाताळ केवळ सूर्यावर चालतो, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेसारखा. संक्रांत जशी जानेवारीत ठरलेल्या दिवशी येते, तसा २५ डिसेंबर येतो. ईस्टरला मात्र सूर्य, चंद्र आणि वार असे तिघांचे एकमत लागते. २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहायची आणि तिच्यानंतरचा रविवार धरायचा. तो वसंतातल्या पौर्णिमेनंतर रविवारीच आणि सगळीकडे एकाच दिवशी पाळावा, हे इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेनंतर ठरत गेले. त्यामुळे हा सण २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर कधीच येत नाही. २००८ साली तो २३ मार्चला होता आणि २०३८ साली तो अगदी टोकाला, म्हणजे २५ एप्रिलला असेल.

आपल्याकडे चांद्रमास सूर्याशी जुळवायला अधिकमास घालतात आणि साधारण एकोणीस वर्षांत असे सात मास येतात. ईस्टरच्या गणितातही हेच एकोणीस वर्षांचे चक्र आहे. म्हणूनच गुड फ्रायडेच्या आसपास बहुतेक वेळा आपली हनुमान जयंतीची, कधी होळीची पौर्णिमा असते. यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला आहे. गुरुवारी रात्री गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत होता, तेव्हा आकाशात भरला चंद्र असणार, हे माझ्या ध्यानात हे गणित करतानाच आले.

होटगीरोड | ११ फेब्रुवारी, रात्री ११.०४

मनापासून आभार, दादा. इतकी वर्षे दुःखसहन सप्ताहात ती कथा ऐकते आहे, पण त्या बागेत चांदणे होते हे कधी मनात आले नव्हते.

दनहा | १२ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

मी केरळची आहे आणि सोलापुरात परिचारिका म्हणून बारा वर्षे राहते आहे. मराठी इथेच शिकले, चुका पदरात घ्याव्यात.

आमच्या पूर्व सीरियन परंपरेत प्रकटीकरणाच्या काळाला 'दनहा' म्हणतात. दनहा म्हणजे उगवणे, उजाडणे. पश्चिमेकडे ६ जानेवारीला ज्ञानी लोकांची आठवण मुख्य असते, आमच्याकडे यार्देन नदीतील बाप्तिस्म्याची असते, कारण तिथे आकाश उघडले आणि वाणी ऐकू आली. दुसरे असे की, ग्रीक परंपरेच्या चर्चमध्ये लेंतमध्ये हालेलुया थांबत नाही, उलट उपवासाच्या दिवशी तो पहाटेच्या प्रार्थनेत जास्त म्हटला जातो. त्यामुळे 'लेंतमध्ये गौरव थांबते' हे सगळ्या ख्रिस्ती जगाला लागू नाही, एवढे मुलांना जरूर सांगावे.

बाळीवेस | १२ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवीत असे, आता निवृत्त आहे. आमचे घर लिंगायत आहे, तरीही या धाग्यावर लिहिण्याचे कारण 'गौरव' हा शब्द.

संस्कृतात 'गुरु' म्हणजे जड आणि त्यापासून 'गौरव' म्हणजे जडपणा, वजन. 'लाघव' हा त्याचा विरुद्धार्थी शब्द. मानसन्मान हा अर्थ त्यातूनच पुढे आला, कारण ज्याच्या शब्दाला वजन असते त्याला आपण मान देतो. माझे एक ख्रिस्ती सहकारी मला सांगत असत की, जुन्या करारातील मूळ हिब्रू शब्द 'काबोद' हाही 'जड' या अर्थाच्या धातूपासून आला आहे. मराठी भाषांतरकारांनी 'तेज' आणि 'महिमा' हे शब्दही वापरले आहेत, पण 'गौरव' हा शब्द मुळाच्या इतका जवळचा आहे की तो निवडणाऱ्याला मी नमस्कारच करीन.

आम्हा सोलापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्या उंच काठीचा तोल सांभाळत ते गर्दीतून पावले टाकतात, तेव्हा मानेच्या शिरा ताणलेल्या असतात आणि चेहरा घामाने भिजलेला असतो. तो मान आहे आणि तो भारही आहे. मिरवणुकीतला पांढरा पोशाख लांबून दिसतो, पण भार जवळ गेल्यावरच कळतो.

शाळूचे कणीस | १२ फेब्रुवारी, रात्री ९.५५

गुरुजी, आपला प्रतिसाद मी तीनदा वाचला. पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्रात 'गौरवाचा भार' असे शब्द वापरले आहेत. ते मी किती वेळा मोठ्याने वाचून दाखवले असतील, पण गौरवाला भार का म्हटले असेल, असा विचार कधी केला नव्हता.

आपण नंदीध्वजाचे लिहिले आणि मला योहानाचे शुभवर्तमान आठवले. बाराव्या अध्यायात येशू म्हणतो की मनुष्याच्या पुत्राचे गौरव होण्याची वेळ आली आहे, आणि लगेच गव्हाचा दाणा जमिनीत पडून मरण्याविषयी बोलू लागतो. योहानाच्या लेखी वधस्तंभाची वेळ आणि गौरवाची वेळ एकच आहे. मग लेंतमध्ये गौरव जात नाही, तर जड होत जाते, असे म्हणता येईल का? पण नऊ वर्षांच्या मुलीला हे कसे सांगू?

कोरडवाहू | १३ फेब्रुवारी, सकाळी ६.०५

मंगळवेढ्याकडे आमची शाळूची जमीन आहे. ताई, तुमचे टोपणनाव पाहूनच लिहायला बसलो.

चर्चवर्ष युरोपात घडले, त्यामुळे त्यातली उपमा अंधार आणि उजेडाची आहे. डिसेंबरात तिकडे दुपारीच अंधारते आणि म्हणून आगमनकाळात एकेक मेणबत्ती वाढवत नेण्याला अर्थ येतो. सोलापुरात वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. इथे माणूस उजेडाची वाट पाहत नाही, पावसाची पाहतो. तेव्हा मी आपले वर्ष रानात उभे राहून वाचतो. आगमनकाळात शाळू पोटरीत असतो, नाताळ ते प्रकटीकरण हुरडा भाजतो. लेंत लागते तेव्हा काढणी होऊन रान मोकळे पडते, कडबा रचला जातो, भेगा रुंदावू लागतात आणि लिंबाची पाने गळतात. पुनरुत्थानाला बाहेर चाळिशीचे ऊन असते आणि त्याच उन्हात लिंबाला कोवळी तांबूस पालवी आणि मोहर असतो. कोणी पाणी घातलेले नसते.

आणि पेंटेकॉस्ट. गेल्या वर्षी तो ८ जूनला आला, अगदी मिरगाच्या तोंडावर. यंदा २४ मेला येईल, म्हणजे वळवाच्या दिवसांत. वरच्या माडीत बसलेल्या शिष्यांना सुसाट वाऱ्यासारखा नाद ऐकू आला हे वाचले की मला कोपऱ्यावरून धूळ उडवत येणारे वादळ आणि त्यामागचा मातीचा वास आठवतो. त्यानंतरच्या सहा महिन्यांचा चर्चचा रंग हिरवा. युरोपात तो कसा दिसतो कोण जाणे, आमच्याकडे तो तूर, उडीद आणि मुगाचा असतो, जर पाऊस झाला तर.

हा 'जर' मी मुद्दाम लिहिला आहे. २०१८ सालच्या दुष्काळात तो हिरवा पडदा वेदीवर आणि बाहेर करपलेले रान असे आम्ही पाहिले आहे. पाळकसाहेबांनी पडदा बदलला नाही. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आज वाटते की तो तिथे राहिला हेच बरे झाले, कारण निदान एका ठिकाणी तरी हिरवे काय असते ते दिसत होते.

मागावरचा | १३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

कोरडवाहू काका, हा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. हिरवा पडदा तिने पुन्हा इस्त्री करायला काढला आहे.

साधा विश्वासी | १३ फेब्रुवारी, दुपारी १२.१५

माझे वडील वारले ते याच हिरव्या काळात, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. कोणता सण नव्हता असे मी वर लिहिले होते. काका, त्या दिवशी चर्चमध्ये वेदीवर हिरवा पडदा होता हे मला आज आठवले. शवपेटी त्याच्यासमोर ठेवली होती.

माझे मत बदलले आहे असे मी म्हणणार नाही. सण पाळला नाही म्हणून कोणाचा विश्वास उणा ठरू नये, एवढा आग्रह माझा कायम आहे. पण देवाचे गौरव बदलत नसले तरी पाहणाऱ्याचे डोळे दमतात, त्यांना वेगवेगळ्या बाजूंनी पाहायला लावणारे काहीतरी हवे, हे तुम्हा सर्वांचे म्हणणे मला पटते आहे.

सातरस्ता | १३ फेब्रुवारी, रात्री ८.३०

शुभ शुक्रवारची एक आठवण लिहितो. बारा ते तीन अशी, वधस्तंभावरील येशूच्या सात उद्गारांची उपासना चालू होती, वीज गेली आणि सगळे पंखे थांबले. पत्रे तापलेले होते. पाचवा उद्गार 'मला तहान लागली आहे' हा होता आणि त्यावर बोलणाऱ्या बाईंनी पाण्याचा पेला हातात घेतला, क्षणभर पाहिले आणि न पिता खाली ठेवला. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशी एकही गौरवगीत झाले नाही, पण तीन वाजेपर्यंत कोणी उठून गेले नाही. आमच्या वस्तीतली, एरवी चर्चमध्ये न येणारी दोन मुले दाराशी उभी होती, तीसुद्धा.

जुनी वही | १४ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण ताईंचा वर्ग उद्याच आहे.

उद्याचा पाठ मत्तयाच्या सतराव्या अध्यायातला आहे. डोंगरावर येशूचे मुख सूर्यासारखे प्रकाशले आणि वस्त्रे प्रकाशासारखी पांढरी झाली. पेत्राला वाटले की तीन मंडप घालून तिथेच राहावे. मग मेघ, मग वाणी, मग भीती, आणि डोळे वर केले तर एकटा येशू. इथपर्यंत आपल्या सर्वांना पाठ आहे. नववी ओवी मात्र आपण घाईने वाचतो. डोंगर उतरताना येशू त्यांना बजावतो की मनुष्याचा पुत्र मेलेल्यांतून उठेपर्यंत हा दृष्टांत कोणाला सांगू नका.

त्या मुलीचे उत्तर इथे आहे असे मला वाटते. तिघांनी गौरव पाहिलेले होते, ते नाहीसे झाले नव्हते. ते त्यांच्यापाशीच होते, पण पुनरुत्थानापर्यंत ओठांवर आणायचे नव्हते. अर्धवट कळलेले आधीच सांगितले असते तर लोकांनी वधस्तंभ वगळून नुसता उजेड घेतला असता. पेत्राला मंडप घालायचे होते ते यासाठीच. लेंतमध्ये आपण गौरवगीत थांबवतो तेव्हा त्या तिघांबरोबर डोंगर उतरत असतो.

(वर 'ओवी' लिहिले, 'वचन' असे वाचावे. आमच्या घरी आजी शास्त्रवचनाला ओवी म्हणत असे, ती सवय राहिली आहे.)

कौलारू देऊळ | १४ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

जुनी वही यांना मनापासून धन्यवाद. मुलांसाठी एक कल्पना सुचवते. मध्ययुगात फ्रान्समध्ये काही ठिकाणी लेंतच्या आधी गायकवृंदातील मुले 'हालेलुया' मिरवत नेऊन चक्क पुरत असत आणि पुनरुत्थानाला तो परत येई. आजही काही शब्बाथशाळांमध्ये कागदावर 'हालेलुया' लिहून पेटीत ठेवतात. तुमच्या वर्गात करून पाहा.

शाळूचे कणीस | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.१०

आज वर्ग झाला. प्रत्येक मुलाने कागदावर आपापल्या अक्षरात 'हालेलुया' लिहून घडी घातली. एका मुलाने तेलुगूत आणि एकीने कन्नडमध्ये लिहिले, कारण त्यांच्या आजीआजोबांना ते वाचता यावे. कोणी काय लिहिले, कोणते चित्र काढले, हे एकमेकांना दाखवायचे नाही असे ठरले. सगळ्या घड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या, डबा सोलापुरी चादरीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळला आणि वर्गातल्या कपाटात वरच्या कप्प्यावर ठेवला.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले की गौरव कुठे जात नाही, आपण ते सांभाळायला घेतो. तिने डबा दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि म्हणाली, "जड आहे." डबा मुळीच जड नव्हता. बाळीवेसच्या गुरुजींना हे कळवावे म्हणून लिहिले.

समितीतील ते वडीलधारे सभासद दाराशी उभे राहून पाहत होते. मुलांनी मत्तयाचे नववे वचन पाठ म्हणून दाखवले, तेव्हा त्यांनी प्रत्येकाला खिशातली लिमलेटची गोळी दिली.

बाळीवेस | १५ फेब्रुवारी, रात्री ९.००

आज महाशिवरात्रीचा उपवास आहे. आपला निरोप वाचला. त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगावा.

शाळूचे कणीस | १ मार्च, संध्याकाळी ६.२५

आज लेंतचा दुसरा रविवार होता. कौलारू देऊळ यांनी लिहिले होते की त्यांच्याकडे आज रूपांतराचे शुभवर्तमान वाचतात. मी ते वर्गाला सांगितले, तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "मग आज डबा एकदा उघडून बघायचा का? पण डोंगरावर तिघेच गेले होते, तर तिघांनीच बघायचे."

चिठ्ठ्या टाकून तीन मुले निवडली. तीही त्यांत निघाली. मी डबा शेजारच्या खोलीत नेऊन दिला आणि दार लोटून घेतले. आतून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही, मग कागदांची खसखस आणि एक छोटेसे हसू ऐकू आले. पाचेक मिनिटांनी तिघे बाहेर आले. डबा त्यांनी पहिल्यापेक्षा नीट गुंडाळून आणला होता.

बाकीची मुले धावली आणि "काय होते, कोणाचे सगळ्यात छान होते" असे विचारू लागली. तिने ओठांवर बोट ठेवले, फळ्याकडे गेली आणि वर्तुळातल्या पुनरुत्थानाच्या पांढऱ्या भागावर दुसऱ्या हाताचे बोट टेकवून उभी राहिली.